शून्यातून न जाणारी रेषा

"डोक्याला तेल लावलंय न्हवं?" लाडमामांनी मला दारातच अडवलं.

"कालचं आहे, मामा. आज लावलेलं नाही."

"कालचं बी तेलच. त्याची वाफ आत बसती. आज न्हाई जमायचं. उद्या न्हाऊन या."

मी एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आले होते, संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून पीएच.डी.ला लागले होते, आणि एक प्रयोगशाळा सहायक मला केस धुऊन यायला सांगत होता. मला राग आला. पण गलगली सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की व्हॅक्यूमच्या खोलीत लाडांचा शब्द शेवटचा. मी वसतिगृहावर परत गेले. दुसऱ्या दिवशी केस धुऊन, वर घट्ट रुमाल बांधून आले, तेव्हा त्यांनी मला आत घेतलं.

ही १९९४ सालची गोष्ट. मी सांगणार आहे ते त्यानंतर अडीच वर्षांनी घडलं, पण लाडमामा कसे होते हे आधी कळायला हवं.

यशवंत भिमा लाड. आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकून ते विभागाच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथून व्हॅक्यूमच्या खोलीत आले. मी गेले तेव्हा त्यांना त्या खोलीत चोवीस वर्षं झाली होती. खोलीत एक जुनं कोटिंग युनिट होतं. त्याची काचेची मोठी घंटा, आतली हवा ओढून घेणारे पंप आणि टंगस्टनची एक छोटी वाटी. वाटीत सोन्याची तार ठेवून ती तापवायची. सोन्याची वाफ होऊन वरच्या नमुन्यावर बसायची. नमुन्यावर सोन्याचे बारीक ठिपके उठावेत म्हणून पोलादाच्या पत्र्याला भोकं पाडून केलेली जाळी लावायची. ती जाळी मामा स्वतः, घड्याळजीच्या ड्रिलनं करायचे. नंतर मी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. चाळीस भोकांमध्ये एकही वाकडं नव्हतं.

माझं काम त्या आधीचं. आम्ही बेरियम टायटनेटच्या जातीचे पदार्थ करत होतो. विजेचा दाब दिला की त्यांच्या आतले धन आणि ऋण भार जरासे एकमेकांपासून सरकतात, आणि दाब काढून घेतला तरी काही प्रमाणात सरकलेलेच राहतात. असल्या पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. त्यांचा पातळ थर केला तर लहानशा जागेत पुष्कळ विद्युतभार साठवता येतो. म्हणून त्या काळी जगभर त्यांच्या मागे लोक लागलेले होते. मी प्लॅटिनम चढवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर द्रावणाचे थेंब टाकून ती गरगर फिरवायची, मग भट्टीत भाजायची, पुन्हा थेंब, पुन्हा भट्टी. जितके हात तितका थर जाड. मग मामा वरून सोन्याचे ठिपके द्यायचे. खाली प्लॅटिनम, वर सोनं, मध्ये माझी फिल्म. धातूच्या या दोन बाजूंना इलेक्ट्रोड म्हणायचं.

थर निम्मा केला की भार दुप्पट साठायला हवा. हा सरळ हिशेब. तो जुळतो का हे पाहायला एक आलेख काढतात: आडवी जाडी, उभा साठवणशक्तीचा व्यस्तांक. सगळे बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा शून्यातून जाते. म्हणजे जायला हवी.

आमची रेषा तशी जात नव्हती. बिंदू सुरेख रेषेत यायचे, पण रेषा शून्याच्या बरीच वर, अकराच्या आसपास उभा अक्ष कापायची. फिल्म पातळ करत जावं तसतसं ती आपले गुण हरवायची. जणू धातूला टेकलेला दोन्हीकडचा काही अणूंचा थर कामच करत नव्हता. परदेशी नियतकालिकांतून त्याला मृत थर म्हणू लागले होते. तो का येतो यावर तेव्हा दोन तट होते. एक म्हणे, इलेक्ट्रोड घाणेरडा बसतो, कामात कसर राहते म्हणून येतो. दुसरा म्हणे, नाही, धातू कितीही स्वच्छ असला तरी सीमेवर हे व्हायचंच. तो निसर्ग आहे.

गलगली सर पहिल्या तटाचे होते. श्रीनिवास गलगली विजापूरकडचे. बोलताना 'ळ' ठासून उच्चारायचे. वीस वर्षं ते नव्या यंत्रासाठी अर्ज करत होते. ज्यात पंपांच्या तेलाचा प्रश्न नाही, सगळं आपोआप होतं, असं धातूचा थर चढवणारं स्पटरिंगचं यंत्र. दर मार्चला एक अर्ज आणि दर जूनला एक नकार. ते सगळे नकार त्यांनी एका निळ्या फायलीत क्रमानं लावून ठेवले होते. मला एकदा दाखवले होते. "हे माझं खरं संशोधन," ते म्हणाले होते आणि हसले नव्हते.

१९९६च्या शेवटी दिल्लीहून पत्र आलं, की आमच्या प्रकल्पाचा आढावा घ्यायला समिती येईल आणि पटलं तर यंत्र मंजूर होईल.

मी सरांना म्हटलं, "सर, इलेक्ट्रोडचा दोष आहे हे आपण सिद्ध करायला हवं. मुंबईला माझी एक मैत्रीण आहे, तिच्या संस्थेत धूळमुक्त क्लीन रूम आहे. आपल्या तीन चकत्या पाठवते. त्यांनी प्लॅटिनमचे ठिपके देऊन परत पाठवल्या की मोजू. रेषा शून्यातून गेली तर समितीपुढे आपली बाजू पक्की."

"पाठव," सर म्हणाले.

चकत्या मामांनीच बांधल्या. टोपीच्या खोक्यासारखं एक खोकं त्यांनी ॲल्युमिनियमचं केलं, आत प्रत्येक चकतीला खाच. गाठ मारताना म्हणाले, "बरं झालं. हितं माझा हात, तितं त्यांचा हात. दोन्ही शेजारी ठेवलं की कळंल तरी."

पार्सल अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी परत आलं. समिती बुधवारी येणार होती. मी तीनही चकत्या लगेच मोजायला घेतल्या. प्रत्येकीवरचे दहा दहा ठिपके. बारा वाजेपर्यंत आलेख काढून झाला. मी पट्टी लावून रेषा ओढली आणि ती कुठं कापते ते पाहिलं. दहा पूर्णांक आठ. मामांच्या सोन्याची अकरा पूर्णांक दोन होती. मोजमापातल्या चुकीच्या मानानं तो फरक काहीच नव्हता.

मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते उद्याच्या भाषणाच्या, पडद्यावर टाकायच्या पारदर्शिका लिहीत होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिला.

"तीनच बिंदू," ते म्हणाले.

"हो सर. पण रेषा..."

"तीन बिंदूंतून रेषा मीही काढीन. चकत्या पार्सलनं गेल्या, पार्सलनं आल्या. वाटेत दमट हवा लागली असेल. त्यांनी ठिपके दिल्यावर पुन्हा भाजल्या होत्या का?"

"माहीत नाही. विचारावं लागेल."

"मग हा निष्कर्ष आहे का?"

"नाही सर."

"नाही ना? मग उद्या याचा उल्लेख नको. अर्धवट गोष्ट समितीपुढे ठेवली की ते तिलाच धरून बसतात." त्यांनी कागद मला परत दिला. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "पद्मजा, यंत्र आलं तर तुझ्यानंतर दहा मुलं त्यावर काम करतील. हे लक्षात ठेव."

ते जे म्हणाले ते शास्त्राच्या दृष्टीनं चुकीचं नव्हतं. तीन नमुने थोडेच होते. आजही एखाद्या विद्यार्थ्यानं माझ्याकडे तीनच बिंदू आणले तर मी त्याला तेच म्हणेन. पण मी मोजायला बसले तेव्हा रेषा शून्यातून गेली असती, तर सरांनी त्याच तीन बिंदूंची पारदर्शिका केली असती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी मामा निघताना माझ्या टेबलाशी आले.

"पार्सल आलं म्हणं. काय निघालं वो ताई?"

मी म्हटलं, "वाटेत खराब झाल्या, मामा. चकत्यांना ओल लागली. मोजता नाही आल्या."

"ओल?" ते म्हणाले. "खोकं तर मी रबर लावून बंद केलं हुतं." मग सायकलची किल्ली काढत, "बरं. पुन्हा पाठवू." आणि सायकल काढून गेले.

समितीत तिघं होते. दोघं फारसं बोलले नाहीत. बोलले ते डॉ. नीलकंठन. बंगळुरूचे, साठीच्या आसपासचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले. सरांचं भाषण त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि मग म्हणाले, आपण खोली पाहू.

मामांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता. ते युनिटच्या बाजूला उभे राहिले. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

नीलकंठन यांनी काचेच्या घंटेला हात न लावता आत वाकून पाहिलं. म्हणाले, "यंत्र जुनं आहे, पण याहून जुन्या यंत्रांवर मी चांगलं काम झालेलं पाहिलं आहे. तुमचा दोष यंत्राचा आहे की माणसाचा?"

 सर मामांकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. "दोन्हीचा," ते म्हणाले. "हा गृहस्थ प्रामाणिक आहे. पण वय झालं. आता पूर्वीसारखी सफाई राहिलेली नाही."

"दुसरीकडे केलेले इलेक्ट्रोड लावून पडताळून पाहिलं का?" नीलकंठन यांनी विचारलं, आणि सर उत्तर देण्याआधी ते माझ्याकडे वळले. "फिल्म तुम्ही करता ना? तुम्ही सांगा. तशी काही मोजमापं तुमच्याकडे आहेत?"

"नो, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काही लिहिलं. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढा शब्द कोणालाही कळतो. तो कशाबद्दल होता हे त्यांना कळलं नसावं असं मी धरून चालले.

एप्रिलमध्ये यंत्र मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्याबरोबर समितीचा अहवालही होता. पंधरा दिवसांनी कुलसचिवांच्या कार्यालयातून मामांच्या बदलीचा आदेश निघाला: परीक्षा विभाग, कोऱ्या उत्तरपत्रिकांचं भांडार. निवृत्तीला तेरा महिने राहिले होते.

जायच्या दिवशी त्यांनी मला पंपाचं तेल कधी बदलायचं, व्हॉल्व्ह कोणत्या क्रमानं उघडायचे, ते कागदावर लिहून दिलं. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. "सर कायतरी चांगल्यासाठीच करत्यात," ते म्हणाले. मी कागद घडी करून वहीत ठेवला. भांडार आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. वर्षभरात मी तिकडे एकदाही गेले नाही.

नवं यंत्र डिसेंबरात आलं, जानेवारीत बसवलं. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं दोन आठवडे मला शिकवलं. मी पाच जाडीच्या फिल्म केल्या, यंत्रानं त्यांवर प्लॅटिनमचे ठिपके दिले. सर माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. बिंदू एकेक करून कागदावर येत गेले. मी पट्टी लावली.

अकरा.

सरांनी आलेख स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. मग दुसऱ्या धातूनं केलं. आकडा तोच. आठवड्यानं सर म्हणाले, "म्हणजे हा थर इलेक्ट्रोडचा दोष नाही. मुळातलाच आहे." त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. उलट, त्यात एक शोधनिबंध त्यांना दिसू लागला होता आणि तो चांगला होणार होता. तीन प्रकारचे इलेक्ट्रोड, तीन ठिकाणचे, आणि रेषा एकच. "ती तुझी मुंबईची मोजमापं आहेत ना," ते म्हणाले, "तीही घालू. आणि लाडांचं सोनं."

"लाडमामांना सांगायला हवं, सर."

"सांग की," सर म्हणाले. ते लिहायला लागले होते.

मी भांडारात गेले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पत्र्याचं छप्पर, भिंतीलगत छतापर्यंत गठ्ठे. मामा जमिनीवर सतरंजी टाकून बसले होते आणि मोठ्या सुईनं गठ्ठ्याचं गोणपाट शिवत होते. त्यांनी मला स्टूल दिलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नव्या यंत्राचा आकडा सांगितला, त्यांच्या सोन्याचा सांगितला. धातूला टेकलेला तो थर कोणीही केला तरी तसाच येतो, त्यात कोणाच्या हाताचा दोष नाही.

"म्हंजी माझं काम चांगलं हुतं?"

"नव्या यंत्राइतकं चांगलं होतं, मामा."

त्यांनी सुई गोणपाटात खोचून ठेवली. "आणि हे तुमास्नी कवा कळलं?"

मी त्यांच्याकडे जाताना ह्या प्रश्नाचा विचार केला नव्हता. मागल्या आठवड्यात, एवढं म्हटलं असतं तर ते पूर्ण खोटं ठरलं नसतं.

"समिती यायच्या आदल्या दिवशी," मी म्हटलं. "मुंबईच्या चकत्या खराब झाल्या नव्हत्या. मी मोजल्या होत्या. त्यांचाही आकडा तोच होता. सरांना दाखवला होता. दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांनी मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

 बाहेर कोणीतरी हातगाडीवर गठ्ठे चढवत होतं.

"वरीस झालं," ते म्हणाले. "ह्या वर्सात मी दोनदा मिरजंला जाऊन आलो. डोळं तपासायला. डॉक्टर म्हनला डोळं चांगलं हाईत. मग म्हटलं हात कापत असंल. दुसऱ्याकडं गेलो. त्यानं हात पुढं धरायला लावलं, कागद ठेवला बोटांवर. म्हनला कापत न्हाईत." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "रोज आंघुळीच्या टायमाला एकेक पायरी आठवायचो. ॲसिटोन, मग डिस्टिलचं पानी, मग वाळवायचं, मग जाळी. कुटं घाण राहती, कुटं राहती. घरात बायकू म्हणायची, सोडा आता. सोडू कसं? सत्तावीस वर्सं मी पोरांचं काम नासवलं का काय, असं वाटायचं. तुमच्या आदी किती पोरं झाली."

मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं."

मग सुई पुन्हा हातात घेत म्हणाले, "मला दावाल का? सांगूनशान न्हाई. मोजून दावा."

त्या रविवारी ते आले. विभागात कोणी नव्हतं. जुनं युनिट नव्या यंत्रासाठी जागा करायला कोपऱ्यात ढकललेलं होतं, वर प्लॅस्टिक टाकलं होतं. मामांनी ते काढलं, पंपाचं तेल बदललं, घंटा तीन वेळा धुतली. दारात मला पाहून त्यांनी डोक्याकडे नजर टाकली आणि बाजूला झाले. मी केस धुतलेले होते.

मी पाच चकत्या अर्ध्या अर्ध्या कापल्या. एक अर्धी नव्या यंत्रात, दुसरी मामांच्या. सकाळी नऊला सुरुवात केली होती, मोजायला बसलो तेव्हा दोन वाजले होते. मी ठिपक्यांवर मोजायच्या सुया टेकवत गेले आणि आकडे सांगत गेले, मामा वहीत लिहीत गेले. त्यांना मी आलेखाचा कागद दिला आणि बिंदू कसे मांडायचे ते सांगितलं. त्यांनी ते मांडले. मग त्यांनी स्वतः पट्टी धरली, एका बाजूला जरा सरकवली, पुन्हा नीट केली आणि पेन्सिलीनं रेषा ओढली.

"अकराच्या वर दोन काड्या," ते म्हणाले. "आणि मशीनचं?"

"अकराच्या वर एक काडी."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. पुष्कळ वेळ धरले. मग मला विचारलं, "ह्यो कागद मी घिऊन जाऊ?" मी हो म्हटलं.

ते मेअखेर भांडारातूनच निवृत्त झाले. मी कुलसचिवांना पत्र लिहिलं होतं, की ह्यांना विभागात परत घ्यावं. त्याला उत्तर आलं नाही.

मी प्रबंध लिहिला. त्यात मोजमापांचं एक कोष्टक होतं. इलेक्ट्रोडचा धातू, कोणी दिला, कधी मोजला. सोन्याच्या ओळीत मी य. भि. लाड असं लिहिलं. मुंबईच्या ओळीत तारीख लिहिली: ११ फेब्रुवारी १९९७. सरांनी मसुदा तपासताना तारखेवर काट मारली. मी पुन्हा लिहिली. त्यांनी मला बोलावलं.

"ही तारीख कशाला? कोण वाचतं असली कोष्टकं?"

"कोणी वाचत नसेल तर राहू दे, सर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग पहिल्या पानावर सही केली. "शिफारसपत्र मात्र माझ्याकडे मागू नकोस," ते म्हणाले. मी मागितलं नाही. त्याची किंमत नंतर मला चार-पाच वर्षं मोजावी लागली, पण तो वेगळा विषय आहे.

बहिःस्थ परीक्षक म्हणून डॉ. नीलकंठन आले. १९९९चा जानेवारी. तोंडी परीक्षा सरांच्याच खोलीत होती. ते दीड तास प्रश्न विचारत होते, चांगले प्रश्न. मग त्यांनी कोष्टकाचं ते पान उघडलं. त्यात त्यांनी आधीच कागदाची पट्टी घालून ठेवली होती.

"हे वाय. बी. लाड कोण?"

"आमचे प्रयोगशाळा सहायक होते, सर. तुम्ही आला होता तेव्हा यंत्राजवळ उभे होते."

"आणि ही तारीख बरोबर आहे?"

"हो, सर."

"मी बारा तारखेला तुम्हाला एक प्रश्न विचारला होता."

"हो. मी नाही म्हणाले होते. आकडा माझ्याकडे होता."

गलगली सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, तो त्यांनी थांबवला. नीलकंठन यांनी सरांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या पदवीच्या शिफारशीवर सही केली, कागद पाकिटात घालून पाकीट बंद केलं. मग म्हणाले, "त्यांचं घर इथून लांब आहे?"

लांब नव्हतं. आम्ही दोघं चालत गेलो. सर खुर्चीतच बसून राहिले.

मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. नीलकंठन यांना त्यांनी ओळखलं नाही. मी ओळख करून दिल्यावर ते उठून उभे राहिले आणि आतून दुसरी खुर्ची आणली. नीलकंठन बसले नाहीत. ते इंग्रजीत बोलले आणि मी मराठीत सांगत गेले. दोन वर्षांपूर्वी समितीच्या अहवालात मी तुमच्याबद्दल एक वाक्य लिहिलं, ते म्हणाले. ते चूक होतं. त्याबद्दल मी माफी मागायला आलो आहे.

"काय लिवलं हुतं?" मामांनी विचारलं.

मला वाटलं होतं, त्यांना ते माहीत असेल.

"मला कुणी दावलंच न्हाई," ते म्हणाले. "नुसती ऑर्डर आली. काय लिवलं हुतं त्यांनी?"

मी ते नीलकंठन यांना सांगितलं.  ते वाक्य त्यांना पाठ होतं. त्यांनी ते सावकाश म्हटलं, आणि मला ते मामांच्या समोर उभं राहून मराठीत म्हणावं लागलं: या सहायकाचा हात आता अशा कामाच्या योग्यतेचा राहिलेला नाही, सबब त्यास येथून हलवावे.

मामांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले. "ते कागदावर हुतं. आता म्हणालं तेबी त्यास्नी कागदावर द्यायला सांगा."

त्यांच्या सुनेनं घरातून रेघांची वही आणून दिली. नीलकंठन यांनी खुर्चीत बसून, वही मांडीवर घेऊन लिहिलं. पाच-सहा ओळी होत्या. सही केली. मी त्याखाली मराठी करून दिलं. मामांनी चष्मा लावून मराठी वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा, बोट ओळीखाली सरकवत. वही माझ्याकडे फिरवली.

"तुमचीबी सही करा, ताई," ते म्हणाले. "त्यांच्या शेजारी."

मी केली.